दाजींचा कोरा चहा

मेहुण्याला गोदीत सगळेच मेहुणा म्हणायचे. खरं तर तो एकट्या दाजींचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण दाजी मोठ्या क्रेनवर आणि हा त्याच क्रेनच्या पायाशी सिग्नल द्यायला उभा. एक-दोघांनी गमतीनं हाक मारली आणि ती त्याला जन्माची चिकटली. आता मॅनेजरसुद्धा "अहो मेहुणे, जरा इकडे या" म्हणायचे आणि हा निमूट जायचा. अख्ख्या गोदीचा मेहुणा व्हायचं तर थट्टा झेलायची तयारी लागते, आणि ती याच्याकडे भरपूर होती.

त्याच नात्यानं दाजीही सगळ्यांचे दाजी झाले होते, पण त्यांची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. दुरुस्तीला आलेल्या जहाजांतून इंजिनं, पंप, पंखे बाहेर काढायचे आणि काम झालं की पुन्हा आत बसवायचे, हे त्या क्रेनचं काम. मेहुण्यानं खालून बोटभर खुणावलं की आकडा बोटभरच खाली यायचा, दोन बोटं नाही. थोडा वारा असला तरी दुसरे क्रेनवाले कुरकुरायचे. दाजी शांत बसून झोका सरायची वाट बघायचे आणि दोन झोक्यांच्या मधल्या निवांत क्षणात माल अलगद टेकवून मोकळे व्हायचे.

खोटं वाटत असेल तर कॅन्टीनवाल्या मावशींना विचारा. त्यांचं कॅन्टीन म्हणजे पत्र्याची एक खोली. ती गोदीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं ठरलं तेव्हा मावशींनी कपबशा बांधून ठेवायला साफ नकार दिला. "मी बांधायच्या आणि तुम्ही फोडायच्या, त्यापेक्षा राहू देत तिथंच," म्हणाल्या. दाजींनी ती खोली फळीवरच्या कपांसकट उचलली, फिरवली आणि नव्या जागी ठेवली. मावशींनी दार उघडलं, तर एकही कप कलंडला नव्हता. तेव्हापासून दाजींचं नाव काढलं की मावशींचा आवाजच बदलायचा.

अशा माणसाला व्यसन कशाचं असावं, तर गोड पाण्याचं. नारिंगी रंगाचं, फसफसणारं, बर्फासारखं गार असं ते बाटलीतलं पेय. दाजींची केबिन म्हणजे चारही बाजूंनी काच, ऊन वर आलं की आतला माणूस शिजायचाच काय तो बाकी. केबिनीतून एक दोर खाली सोडलेला असायचा आणि त्याच्या टोकाला निळी बादली. दाजींनी अंगठा ओठांशी नेला की मेहुण्यानं बादलीत बाटली ठेवायची आणि दाजींनी दोर ओढून घ्यायचा. ती बादली दिवसभर इतक्यांदा वर-खाली व्हायची, की नव्यानं लागलेल्या एका वेल्डरला वाटलं होतं, ही क्रेन मुख्यतः बाटल्या चढवायलाच ठेवलेली आहे.

चहा मात्र दाजींनी कधी तोंडाला लावला नव्हता. "चहा गप्पा मारणाऱ्यांचा," ते म्हणायचे. "मी वर एकटा. गप्पा कुणाशी मारू, कावळ्यांशी?"

मग एका वर्षी तपासणीत दाजींच्या रक्तात साखर निघाली, आणि तीही थोडीथोडकी नाही. गोदीच्या डॉक्टरीणबाई तोलूनमापून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीन महिने देते. तेवढ्यात उतरली नाही तर केबिनची किल्ली जमा करायची."

"मला काहीसुद्धा होत नाही हो, बाई," दाजी म्हणाले.

"आज होत नाही. पण वर तुम्हाला अंधारी आली, तर खाली माणसं असतात."

 खाली कोण असतं हे दाजींना माहीत होतं. त्यांच्या बायकोचा भाऊच असायचा.

"गोळ्या लिहून देते. पण आधी त्या बाटल्या बंद. तहान लागली तर पाणी, आणि अगदीच राहवलं नाही तर कोरा चहा. बिनसाखरेचा. नाहीच जमलं, तर स्टोअरमध्ये बसून पावत्या फाडा. तिथं सावली असते."

सावलीत बसलेले दाजी मेहुण्याच्या डोळ्यांपुढे येईनात. आणि स्वतःचीही त्याला काळजी होतीच. दाजी वर असताना टनावारी लोखंड डोक्याच्या उंचीवर झुलत असलं तरी हा खाली निवांत उभा असायचा. वरचा माणूस बदलला की खुणा त्याच राहतील, पण तो निर्धास्तपणा कुठून आणायचा?

घरी मेहुण्याच्या ताईनं सूत्रं हातात घेतली. ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिनमधून सुई काढणाऱ्या बाईला नवऱ्याला वळण लावणं काय जड? तिनं स्टीलचा एक थर्मास आणला आणि सकाळी दाजींच्या हातात ठेवला. "आजपासून बाटली बंद. साखर नाही, दूध नाही आणि तक्रारही नाही," ती म्हणाली. दाजींनी थर्मास घेतला आणि खरोखरच तक्रार केली नाही.

पहिल्या दिवशी बादलीतून थर्मास वर गेला तेव्हा सगळी गँग माना वर करून उभी होती. दाजींनी झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला. इतक्या उंचावरूनही त्यांचं तोंड साबण चावल्यासारखं झालेलं खालून दिसलं. हसायला सुरुवात होणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. झाकण रिकामं करून त्यांनी तोंड पुसलं आणि हात दांड्यांवर ठेवून मेहुण्याकडे बघितलं. चला, कामाला लागा.

गँग पांगली. मेहुणा मात्र दिवसभर एक गोष्ट बघत राहिला. उन्हाचा तडाखा वाढला की दाजींचा अंगठा आपोआप ओठांकडे निघायचा, अर्ध्यात थांबायचा आणि मुकाट्यानं दांड्यावर परत जायचा. असं किती वेळा झालं, त्यानं मोजलं नाही.  इतकी वर्षं ज्या खुणेला तो बाटली घेऊन धावला होता, ती खूण आता तो माणूस स्वतःच गिळत होता. आपल्याच्यानं हे झालं नसतं, हे त्याला तिथंच कळून चुकलं.

चहाचे बाकीचे परिणामही होतेच. बाटल्यांनी जे होत नव्हतं ते चहानं होऊ लागलं आणि दाजींना मधूनच शिडी उतरून यावं लागायचं. "काय दाजी, जहाज बुडतंय की काय?" असं कुणीतरी धीर करून विचारायचं. दाजी न थांबता "बुडवायलाच निघालोय" म्हणून पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला राहवलं नाही. कॅन्टीनच्या डब्यातून त्यानं चमचाभर साखर कागदात बांधून घेतली. बादलीत थर्मास ठेवण्याआधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यानं झाकण उघडलं, पुडी ओतली, थर्मास हलवला आणि दोराला झटका दिला. एका चमच्यानं काय आभाळ कोसळणार होतं? उलट एवढ्या आधारानं माणूस टिकेल आणि बाटलीकडे वळणार नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग ते रोजचंच झालं. दुपारी रिकामा थर्मास खाली यायचा, हा तो मावशींकडून कोऱ्या चहानं भरून आणायचा आणि वर पाठवताना पुन्हा पुडी.

आणि फरक पडला की! आठवड्याभरात दाजींचं तोंड वाकडं व्हायचं थांबलं. "मेहुणे, चहा बरा लागायला लागला हं," एकदा शिडी उतरताना ते म्हणाले आणि याच्याकडे बघत जरा जास्तच वेळ थांबले. मेहुण्याला उगाचच खोकला आला.

अख्खी गोदी कौतुक करू लागली. नारिंगी बाटली उघडण्याआधी लोक एकदा वर बघायचे. दोघातिघांनी तर बाटलीच सोडली. त्या वेल्डरनं मावशींकडे कोरा चहा मागितला आणि पहिल्याच घोटाला "दाजींना मानलं!" म्हणून कप खाली ठेवला.

मधल्या तपासणीला दाजी नवा शर्ट घालून गेले. मेहुणा दारात उभा होता. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"बाटल्या चालूच आहेत."

"एकही नाही, बाई."

"आकडा उतरायचं सोडा, चढलाय थोडा. मग कागद खोटं बोलतो का?"

दाजींचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीची खूण दिली नव्हती की घेतली नव्हती, आणि आज कुणीतरी त्यांना तोंडावर खोटारडा म्हणत होतं.  त्यांनी शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं आणि उठले. बाहेर मॅनेजर भेटले. ते वाईट माणूस नव्हते, पण "स्टोअरमध्ये खिडकीजवळची खुर्ची तुमच्यासाठी बघून ठेवतो" असं म्हणून गेले. दाजी शिडी चढून सरळ केबिनीत गेले.

मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम सुटल्यावर तो थेट कॅन्टीनमध्ये गेला.

"मावशी, एका चमच्यानं साखर वाढते का हो?"

"कुणाच्या?"

"दाजींच्या. मी रोज थर्मासात पुडी टाकतो. एकच चमचा. दोन वेळा."

मावशी कप विसळत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

"अरे देवा. तू पण?"

"मी पण म्हणजे?"

"दुपारचा भरताना मी टाकते रे. एकच. कसं तोंड करून पितो बिचारा! माझा एक कप फोडला नाही त्यानं, आणि मी त्याला काढा पाजू होय?" मग त्यांना आठवलं. "आणि माझा चमचा काही लहान नाही. तो वाढायचा आहे."

 हसावं की रडावं दोघांना कळेना. शेवटी मावशींनी पदर खोचला. "चल, तुझ्या ताईला सांगून टाकू. ती बिचारी एवढ्या कडक शिस्तीनं करते, आणि आपण दोघं मागून माती खातोय."

ताई मशीनवर होती. समोर रेक्झिनचा ढीग. मेहुण्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मावशींनी मध्ये मध्ये स्वतःला शिव्या घातल्या. आता ताईच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून दोघं मान खाली घालून उभे. पण ताईनं मशीन बंद केलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्यामागून एक छोटी बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. बरणीत साखर होती आणि साखरेत चमचा.

"ताई, तू?"

"एकच," ताई म्हणाली. "पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा म्हणाले, 'छान होता ग चहा.' त्यांचं तोंड बघून मला कळत नाही का? माझ्या हातचं असं तोंड करून कुणी प्यावं, हे मला नाही सहन झालं."

"म्हणजे सकाळच्या थर्मासात तुझी आणि माझी," मेहुणा म्हणाला, "आणि दुपारच्यात मावशींची आणि माझी. म्हणून तो कोरा चहा आवडायला लागला होय!"

"चहा कसला, पाकच की तो," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. "तिघंच नाही. चौघं आहोत आपण."

दाजी चौकटीला टेकून उभे होते. सगळं ऐकलेलं होतं. मेहुण्याला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"तुझी पुडी मला पहिल्या दिवसापासून दिसत होती," दाजी त्याला म्हणाले. "इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस. अरे शहाण्या, वर कोण बघणार? जन्म गेला तुझा वर बघण्यात, आणि नेमकं चोरी करताना विसरलास?"

मावशींना हसू आवरेना. 

"मग बोलला का नाहीत?" ताईनं विचारलं.

"काय बोलू? एवढ्या मायेनं पुडी बांधून आणतो. म्हटलं, एका चमच्यानं काय होतंय, त्याचं मन कशाला मोडा. बाटल्यांनी जीभ अशी मारून टाकलीय माझी, की तिला एक चमचा काय नि तीन काय. मला वाटलं, सगळी गोडी त्या एका पुडीचीच."

ते पुढे आले, खुर्ची ओढून बसले. तिघांना वाटलं, आता तरी चिडतील. चिडायचा त्यांना पुरता हक्क होता. ज्या लोकांच्या जिवावर ते लढत होते त्यांनीच त्यांना बाईंपुढे खोटारडं ठरवलं होतं, आणि मधले आठवडे फुकट गेले होते. पण त्यांनी फक्त बरणी उचलून ताईच्या हातात दिली.

"चहा कर. खरा कोरा. अजून मी तो नीट प्यायलेलोच नाही."

ताईनं पाणी उकळलं, पत्ती टाकली, झाकून ठेवला. चार कप भरले. दाजींनी घोट घेतला. तोंड साबण चावल्यासारखं. दुसरा घोट. तिसरा. बाकीचे तिघंही पीत होते आणि तिघांची तोंडंही तशीच झाली होती. कुणी कुणाला हसलं नाही. जगात माणसं मोठमोठी कामं करतात, त्यांच्या तसबिरी लागतात. पण केलेली मेहनत आपल्याच माणसांच्या मायेनं मातीत गेल्यावर, कुणाला बोल न लावता पुन्हा पहिल्या घोटापासून सुरुवात करणारा माणूस मेहुण्यानं त्या संध्याकाळी डोळ्यांनी बघितला.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीन खूण सुरू झाली. गोदीच्या कुठल्या नियमात ती नव्हती. बादलीत थर्मास ठेवला की मेहुणा दोन पावलं मागे सरायचा आणि दोन्ही हात वर करून पंजे उघडे दाखवायचा. हातात काही नाही, खिशात काही नाही. दाजी काचेतून बघायचे, मान हलवायचे आणि मगच दोर ओढायचे. ही खूण दाजींनी मागितली नव्हती, मेहुण्यानंच काढली होती. पण दाजी रोज ती दाखवेपर्यंत थांबायचे, आणि त्या थांबण्यात मेहुण्याला आपली शिक्षा दिसायची. दोर कधी एकदा हलतो असं त्याला व्हायचं.

या वेळचे आठवडे सोपे नव्हते. दाजींचं डोकं दुखायचं, वर बसून ते कावळ्यांवर खेकसायचे. अंगठा पुन्हा ओठांकडे निघायचा आणि अर्ध्यातून परत जायचा. पण हळूहळू तो निघेनासा झाला. एकदा मेहुण्याला म्हणाले, "मावशींचा चहा उकळलेला असतो, तुझ्या ताईचा मुरलेला. तिचा बरा." मावशींनी राग धरला आणि दुसऱ्या दिवसापासून चहा झाकून मुरवायला लागल्या. एक दिवस डब्यातलं कच्चं गाजर खाताना दाजी थबकले. "हे एवढं गोड असतं?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. मेहुण्यानंही एक तुकडा खाऊन बघितला. असतं खरंच.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी केबिनीत बदलीचा माणूस बसला. भला माणूस होता. पण मेहुण्यानं बोटभर खुणावलं आणि पंप वीतभर खाली आदळला, तशी लाकडाची फळी तडकली. कुणाला काही झालं नाही. मेहुण्यानं तडकलेली फळी बाजूला ओढली. पुढची सगळी वर्षं अशीच काढायची का, हा विचार त्यानं महत्प्रयासानं दूर ढकलला आणि दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिला.

दाजी बाहेर आले ते घाईनं नाही की रेंगाळत नाही, नेहमीच्या चालीनं. चेहऱ्यावरून काही कळेना. मागून डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, "त्यांची माफी मागून झालीय माझी. बाटल्या बंदच होत्या म्हणाले, आणि पुढचं काही सांगायला तयार नाहीत. आकडा छान उतरलाय. असाच ठेवा म्हणावं." दाजी तोवर शिडीशी पोचले होते. बदलीचा माणूस उतरला, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वर चढू लागले. तिघांपैकी एकाचंही नाव त्यांनी बाईंपाशी घेतलं नव्हतं.

मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं डोळे पुसले, थर्मास उचलला. दाजी वर जाऊन बसले, काच सरकवली आणि निळी बादली खाली आली. मेहुण्यानं थर्मास आत ठेवला, कडी नीट बघितली. मग सवयीनं दोन पावलं मागे सरला आणि पंजे दाखवायला हात वर केले.

बादली केव्हाच त्याच्या डोक्यावरून वर निघाली होती. दाजींनी आज हातांकडे बघितलंच नव्हतं. मेहुणा हात वर करून तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं ते सावकाश खाली घेतले.